दूध टाकणारे बाळ आणि जागी रात्र



तान्ह्या बाळाने दूध टाकणे ही घरोघरची गोष्ट आहे. पाजून झाल्यावर खांद्यावर घेतले की घोटभर दूध बाहेर येते, पदर भिजतो आणि बाळ पुन्हा खेळू लागते. काही बाळांच्या बाबतीत मात्र प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. ती वारंवार ओकतात, पाजताना पाठ ताणून किंचाळतात, पाळण्यात ठेवताच जागी होतात. मग आजीला दृष्ट आठवते, शेजारणीला आईचे दूध बाधल्याचा संशय येतो, दुकानदार कपाटातील बाटली काढून देतो. दोष मात्र शेवटी आईच्याच माथी येतो, आणि तो सर्वस्वी अन्यायाचा आहे.

अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असते. खाल्लेले अन्न वर येऊ नये ही त्याची कामगिरी. तान्ह्या बाळात हे वलय अद्याप पक्व झालेले नसते. त्यातच बाळाचा आहार सर्व पातळ आणि दिवसाचा बहुतेक काळ आडवे पडून जाणारा. त्यामुळे जठरातील दूध आम्लासह वर येते. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हा त्रास सर्वाधिक असतो. बाळ बसू लागले, वरचे अन्न घेऊ लागले की तो ओसरतो आणि वर्षाचे होईपर्यंत बहुतेकांचा संपतो. झोपेचेही तसेच आहे. नवजात बालक दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपते, परंतु तुकड्यातुकड्यांनी. रात्र-दिवसाचा भेद त्याला कळण्यास काही आठवडे लागतात. म्हणून प्रत्येक जागी रात्र आम्लामुळेच असते असे नव्हे.

बिडकीनसारख्या गावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पैठण रस्त्यावरील हे गाव शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रामुळे पालटत आहे. कामासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबाच्या खोलीत आजी नसते, मावशी नसते. रात्रपाळीहून आलेल्या बापाला झोप हवी असते. पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा दिली आहे. परंतु रोजंदारीवरील स्त्रीच्या पदरात ती पडतेच असे नाही. बाळाचा त्रास ऐन भरात असताना तिला कामावर परतावे लागते. बाळ झोपलेच पाहिजे ही निकड मग औषधाकडे वळते.

ही निकड महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूच्या ‘बाळगोळ्या’ देऊन कामावर जात. मुंबई सरकारच्या वतीने १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने केलेल्या पाहणीत, गिरणीकामगार स्त्रियांच्या शंभरांतील ९८ बालकांना अफू दिली जात असल्याचे नमूद झाले. मुले शांत होत, कारण ती गुंगीत असत. भूक मंदावे, अंग धरत नसे. त्या माता निर्दय नव्हत्या. त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता, एवढेच.

अफू गेली, सवय राहिली. रडणाऱ्या बाळाला खोकल्याचे गुंगीचे औषध पाजणे, ग्राइप वॉटरचे चमचे वाढवणे, चाटणात मध घालणे हे प्रकार आजही आढळतात. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावू शकतो. मधातून एका विशिष्ट जंतूची विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध देऊच नये. आम्ल कमी करणारी औषधेही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत; निरोगी बाळाचे नुसते रडणे त्यांनी थांबत नाही, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

मग करावे काय? अंगावरचे दूध चालूच ठेवावे. ते बंद करून बाटली लावणे हा या दुखण्यावरील सर्वांत वाईट उपाय होय. थोडे थोडे, वारंवार पाजावे, मध्ये ढेकर काढावी आणि पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटे बाळाला उभे धरावे. एवढा वेळ रात्री दोन वाजता काढणे किती कठीण असते हे ज्याने काढला त्यालाच ठाऊक. म्हणून ही पाळी बापानेही घ्यावी. निजवताना बाळ उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर असावे. उताणे निजलेले बाळ ओकारीने गुदमरेल ही भीती सार्वत्रिक आहे, पण निराधार आहे. अमेरिकेत १९९४ पासून उताणे निजवण्याची मोहीम झाली आणि झोपेतील आकस्मिक बालमृत्यू सुमारे निम्म्यावर आले. झोळीत अंग दुमडते, पोट दाबले जाते, हनुवटी छातीला टेकते. दूध टाकणाऱ्या बाळाला ती सोयीची नाही. डोक्याखाली उशीही नको.

खरी कसोटी काट्याची. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढत असेल, लघवी पुरेशी होत असेल, तर ओकारीमुळे कपडे खराब होतात, बाळ नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेली घरोघरी नवजात बालसेवा २०११ पासून देशभर स्वीकारली गेली. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा सेविका ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येते. या प्रत्येक भेटीत वजनाची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर होते की नाही, एवढे पंचायत सदस्यांनी पाहिले तरी पुष्कळ झाले. भेट झाली, पण काटाच बिघडलेला, असे होऊ नये.

ओकारी हिरवी किंवा रक्ताची असेल, पिचकारीसारखी जोरात उडत असेल, वजन घटत असेल, बाळ पिणे सोडत असेल, ताप असेल, श्वास अडत असेल अथवा अंग निळे पडत असेल, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून बाळाला बिडकीनच्या ग्रामीण रुग्णालयात आणि गरजेप्रमाणे पुढे संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यावे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर शासकीय रुग्णालयात उपचार विनामूल्य होतात, आणि त्यात ने-आणही येते. आठवडेच्या आठवडे न झोपलेली आई सारखी रडत असेल, बाळाचा राग येतो म्हणत असेल, तर तिलाही मदतीची गरज आहे. अशा वेळी बाळ क्षणभर दुसऱ्याच्या हाती द्यावे, त्याला कधीही गदगदा हलवू नये, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतून बोलता येते.