चोरून टिपलेले बोलणे

दूरध्वनीवरील संभाषण समोरच्याच्या नकळत ध्वनिमुद्रित करणे कायद्यास मान्य आहे काय? १९६४ साली मुंबईत लाच मागणाऱ्या कॉरोनरचे बोलणे, पलीकडच्या डॉक्टरांच्या संमतीने, पोलिसांनी टिपून घेतले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असल्यामुळे तेव्हाच्या तार अधिनियमाचा भंग झाला नव्हता. सरकारने तिऱ्हाइतासारखे चोरून ऐकणे मात्र निराळे. विहित कार्यपद्धतीवाचून तसे करणे १९९६ च्या निर्णयाने मूलभूत हक्काचा भंग ठरविले. २०२५ मध्ये तर पतिपत्नींचे गुप्तपणे टिपलेले संभाषणही घटस्फोटाच्या दाव्यात ग्राह्य ठरले. न्यायालय पुराव्याचा खरेपणा पारखील. परंतु घरातला प्रत्येक शब्द उद्याची साक्ष म्हणून साठवावयाचा, तर मन मोकळे करावयाचे कोणापाशी? ह्याचा निवाडा आपणच करावयाचा आहे.