मागच्या सीटवरचं डोकं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सकाळी आठच्या सुमाराला बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंड स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहून पाहा. एकामागून एक स्कूटर आणि मोटारसायकली येतात. नवरा बायकोला सोडतो, बाप मुलीला, दीर भावजयीला. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, कारण नाक्यावर हवालदार असतो. मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यावर मात्र पुष्कळदा ओढणी, टोपी, नाही तर काहीच नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘स्टेशनपर्यंतच तर जायचंय!’’ भाच्याच्या स्कूटरवर मागे बसताना मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. आज बोलायचं आहे ते या ‘पर्यंतच’बद्दल.

२८ जुलै २०१५ ची गोष्ट. मरोळला भाजीचा धंदा करणारे दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश नात्यातल्या भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून येत होता. वाटेत पावसाच्या पाण्यानं भरलेला खड्डा होता, तो दिसला नाही. गाडी आदळली, दोघंही फेकले गेले. भावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तो वाचला. प्रकाशच्या डोक्यावर नव्हतं, तो गेला. त्यानंतर दादाराव स्वतः रस्त्यावर उतरले. बांधकामाचं डेब्रिज, खडी, पेव्हर ब्लॉकचे तुकडे गोळा करून त्यांनी शेकडो खड्डे बुजवले. दुसऱ्या कुणाच्या घरी ही वेळ येऊ नये, एवढाच हेतू.

आता सांगा, प्रकाश कशामुळे गेला? खड्ड्यामुळे की हेल्मेट नसल्यामुळे? आपल्याकडे या प्रश्नावर दोन तट पडतात. अधिकारी हेल्मेटकडे बोट दाखवतात, नागरिक खड्ड्याकडे. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही ‘आधी रस्ते सुधारा’ हे म्हणणं होतंच. दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत. अपघात ही साखळी असते. तिची एक कडी जरी तुटली असती, तरी मुलगा कदाचित घरी आला असता. कुठली कडी कुणी तोडायची, हे शोधून काढणं म्हणजे संशोधन, आणि ती तोडायला लावणं म्हणजे धोरण.

हे काम कसं होतं, याची दोन उदाहरणं देतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते हळहळून थांबले नाहीत. लष्करी निरोप्यांच्या अपघातांची त्यांनी मोजदाद केली, १९४१ मध्ये निष्कर्ष छापले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसचं. हॅरी हर्ट यांच्या पथकानं नऊशे अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ साली अहवाल आला. त्यातली एक गोष्ट आपल्या स्टेशनवाल्यांनी लक्षात ठेवावी. बहुतेक अपघात लांबच्या सफरीत नव्हे, तर जवळच्या कामाला निघाल्यावर, घरापासून थोड्याच अंतरावर झाले होते. आणि वेग? निम्म्या अपघातांत तो ताशी सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या आतच होता.

आपल्याकडचे आकडेही बोलके आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत शंभरामागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले! जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो.

धोरणं झाली नाहीत असं नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेकयंत्रणा बंधनकारक झाली. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकणं बेकायदा ठरलं. चार वर्षांखालच्या मुलांसाठी हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा यांचा नियम २०२३ मध्ये लागू झाला. पण मागे बसणाऱ्याचं काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये तोही आहे. मुंबईत त्याच्यावर जोर लावून कारवाई सुरू झाली ती जून २०२२ मध्ये. मधे चौतीस वर्षं गेली. कायदा होता, मोजदाद आणि अंमल नव्हता.

रस्त्याच्या कडीचंही तसंच. चांगले रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्येच म्हटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई हवीच. पण ती मृत्यूनंतर मिळते. त्याआधीचं काम म्हणजे प्रत्येक अपघाताची जागा आणि कारण नोंदवणं. पोलिसांनी घटनास्थळीच मोबाइलवर नोंद करण्याची, आयआयटी मद्रासच्या मदतीनं तयार झालेली ‘आयरॅड’ यंत्रणा महाराष्ट्रात आहे. त्या नोंदी वॉर्ड ऑफिसातल्या रस्ते अभियंत्याच्या टेबलावर पोहोचाव्यात, पावसाळ्याआधी त्या जागा दुरुस्त व्हाव्यात आणि काय केलं ते नागरिकांना कळावं. एवढी मागणी आपण नगरसेवकाकडे करायला हरकत नाही.

आणि आपली कडी? ती आपल्याच हातात आहे. घरात दोन माणसं स्कूटरवर बसत असतील तर खुंटीला दोन हेल्मेटं हवीत, आयएसआय शिक्क्याची, आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट लावलेला. माझ्या भाच्यानं हल्ली एक नियम केला आहे. मामानं हेल्मेट घातल्याशिवाय तो किल्ली फिरवत नाही. पहिले दोन दिवस राग आला. मग एकदा लक्षात आलं, पुढच्याचं आणि मागच्याचं डोकं रस्त्यावर सारख्याच जोरानं आपटतं. स्टेशनपर्यंतच जायचं असलं, तरी.