क्रीडांगणावर प्रत्येकाची जागा



खेळ म्हणजे शरीराचा व्यायाम, एवढाच अर्थ शाळेच्या वेळापत्रकात बहुधा घेतला जातो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. मैदानी खेळाने हातापायांना बळ येते, त्याचप्रमाणे दुखावलेल्या मनाला उभारी येते आणि परक्या मुलाला सोबती मिळतात. खेळाच्या या दुसऱ्या गुणाचा विचार येथे करावयाचा आहे.

डॉ. लुडविग गुटमन हे जर्मनीतील ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ साली त्यांनी मायदेश सोडून इंग्लंडात आश्रय घेतला. तेथे स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात १९४४ साली, पाठीचा कणा दुखावून पांगळ्या झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी एक विभाग सुरू केला. त्या काळी असे रुग्ण शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या विकारांनी दगावत. त्यांच्याकडून जगाला काही अपेक्षाच उरलेली नसे. गुटमन यांनी शुश्रूषेला शिस्त लावली आणि उपचारांतच खेळाचा समावेश केला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनला ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या १६ स्त्रीपुरुषांनी तिरंदाजीची स्पर्धा केली. १९६० साली रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू अशाच सामन्यांसाठी एकत्र आले. आजच्या पॅरालिंपिक स्पर्धांचा उगम तो हाच.

या परंपरेत महाराष्ट्राचाही मानाचा वाटा आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहण्यास आरंभ केला. पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होय. त्याच स्पर्धेत भालाफेकीतही ते उतरले होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या दोन्ही उदाहरणांतील मर्म शिक्षकाने ध्यानी घ्यावे. दुखावलेल्या माणसाला येथे कोणी केवळ सहानुभूती दिली नाही. त्याला काम दिले, लक्ष्य दिले आणि बरोबरीचे सोबती दिले.

खेड्यातील शाळेत युद्धातले जखमी नसतात. परंतु जखमी मुले असतात. कोणाचे वडील वारलेले असतात. कोणाचा पाय जन्मतः अधू असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेले एखादे मूल अर्ध्या वर्षात नव्या वर्गात येऊन बसते. गाव नवे, शिक्षक नवे, कधी घरची बोलीही निराळी. वर्गात हे मूल मुके राहते आणि सुटीत कुंपणाशी उभे राहते. पुढे ते शाळेतच येईनासे होते, आणि हजेरीपटावर केवळ गैरहजेरीची खूण उरते.

अशा मुलासाठी खो-खोसारखा खेळ नाही. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी ओळीत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात व नववा धावतो. धावणाऱ्याला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही. म्हणून त्याला सोबत्याला खो द्यावाच लागतो. नव्या मुलाला ओळीत बसविले की त्याच्यावाचून डाव पुढे सरकत नाही. त्याला बोली येत नसली तरी ‘खो’ हा एक शब्द पुरतो, आणि पाठीवर पडलेला सोबत्याचा हात त्याला सांगतो की तू आमच्यातला आहेस.

आपल्याकडील मुलांनी तर लहानग्यांसाठी ‘कच्चा लिंबू’ ही सोय पूर्वापार करून ठेविली आहे. तो बाद होत नाही, पण खेळात असतो. ही रीत मायेची आहे. मात्र ती खेळात शिरण्यापुरतीच असावी. अधू पायाच्या मुलाला वर्षभर कच्चा लिंबू ठेवणे, किंवा गुण लिहिण्यास कायमचे बसविणे, म्हणजे त्याला गोड बोलून बाहेर काढणेच होय. त्यापेक्षा नियमात फेरफार करावा. लगोरीत नेम धरण्याचे काम त्याला द्यावे. धावण्यासाठी जोडीदार द्यावा. अंध मुलासाठी चेंडूत घुंगरू घालावे.

गडी निवडण्याचे काम दोन म्होरक्यांवर सोपवू नये. सर्वांच्या शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा ज्या शिक्षकाने पाहिला असेल, त्याला याचे कारण सांगावयास नको. चिठ्ठ्या टाकून गडी वाटावेत. दुःखात असलेल्या मुलाला चारचौघांत प्रश्न विचारू नयेत व ओढून मैदानात आणू नये. फक्कीने रेषा आखण्यास त्याची मदत मागावी; रेषा आखणारा मुलगा बहुधा त्या रेषेच्या आत येतो. खेळाचा तास शिक्षा म्हणून हिरावून घेऊ नये व वह्या तपासण्यात घालवू नये.

खेळ हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे, हेही विसरू नये. मूल दीर्घकाळ जेवत नसेल, झोपत नसेल, कोणाशी बोलत नसेल, तर पालकांना विश्वासात घेऊन त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. अपंग वा आजारी मुलाला कितपत श्रम सोसतील, हे वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

शाळेला क्रीडांगण असावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितले आहे. अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी मिळावी, असे २०१६ च्या कायद्याने. परंतु कुंपणाशी उभे असलेले मूल कायद्याला दिसत नाही. ते शिक्षकालाच दिसते. उद्या खेळाच्या तासाला शिटी वाजविण्यापूर्वी प्रत्येकाने एकवार कुंपणाकडे पाहावे आणि तेथे कोणी असल्यास त्याची जागा ओळीत करून मगच डाव सुरू करावा.