गावचा निधी, गावची समिती आणि गावचा हिशेब
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)





आज देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, कळस चढला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी वाळू-सिमेंट दिले, कोणी ट्रॅक्टर दिला, आणि ज्याच्याजवळ काही नव्हते त्याने घमेले उचलून श्रमदान केले. या सर्वांचे नाव या स्मरणिकेत येईलच. परंतु कळसाकडे पाहताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. देऊळ जसे दगड-विटांवर उभे राहते, तसेच ते हिशेबाच्या वहीवरही उभे राहते. दहाजणांचा पैसा एके ठिकाणी आला की त्याची राखण कशी करावी, हा प्रश्न गावोगावी पडतो. तो फक्त आपल्याकडेच पडतो असेही नाही. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात त्यावर कायद्याने काय व्यवस्था केली आहे आणि ती करताना तेथेही देवस्थानाचा प्रश्न कसा उभा राहिला, हे ऐकण्यासारखे आहे.

मॅसॅच्युसेट्स हे अमेरिकेतील जुन्या वस्तीचे राज्य. तेथे लहानमोठी ३५१ गावे व शहरे आहेत. पुष्कळ गावांत दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या इमारती, जुनी प्रार्थनामंदिरे, शेतजमिनी आणि मोकळी राने आहेत. जमिनीचे भाव वाढले, शेतांवर घरे उठू लागली, जुन्या वास्तू पडू लागल्या आणि सामान्य माणसाला गावात घर घेणे परवडेना. म्हणून सन २००० मध्ये तेथील विधिमंडळाने ‘कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट’ म्हणजे सामुदायिक जतन कायदा केला. हा कायदा कोणत्याही गावावर लादला जात नाही. गावाने मतदान करून तो स्वीकारावयाचा असतो. एकदा स्वीकारला की पाच वर्षे तो सोडता येत नाही. आजवर निम्म्याहून अधिक गावांनी व शहरांनी तो स्वीकारला आहे. बोस्टन हे राज्याच्या राजधानीचे शहर, त्यानेही २०१६ मध्ये मतदानाने तो पत्करला.

पैसा कोठून येतो? गावातील घरपट्टीवर जास्तीत जास्त तीन टक्के अधिभार बसविता येतो. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हे तीन टक्के घराच्या किमतीवर नसून कराच्या रकमेवर असतात. उदाहरणादाखल धरा की घराची किंमत पाच लाख डॉलर आहे आणि कर पाच हजार डॉलर. गावाने ठरविले तर पहिल्या एक लाखाच्या किमतीला सूट देता येते. म्हणजे चार लाखांवरील चार हजार डॉलर कर धरून त्याच्या तीन टक्के, अर्थात वर्षाला एकशेवीस डॉलर त्या घरमालकाने द्यावयाचे. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना आणि कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या वृद्धांना पूर्ण सूट देण्याचीही तरतूद आहे.

गावाने आपला वाटा काढला की राज्यही त्यात भर घालते. ही भर खरेदीखते व अन्य दस्त नोंदविताना घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून साठविलेल्या निधीतून येते. सुरुवातीच्या वर्षांत राज्य रुपयास रुपया म्हणावे तशी बरोबरीने भर घालीत असे. पुढे कायदा स्वीकारणारी गावे वाढली, वाटेकरी वाढले, आणि ही भर घटत घटत पाचव्या हिश्श्याच्या आसपास आली. तेव्हा २०१९ मध्ये दस्तांवरील शुल्क वीस डॉलरवरून पन्नास डॉलर केले गेले. वरून येणाऱ्या मदतीवर किती विसंबावे, याचा हा धडा आहे. जे गाव आपला वाटा आधी काढते त्याचे काम थांबत नाही.

आता मुख्य गोष्ट समितीची. कायद्याने प्रत्येक गावात कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त नऊ जणांची समिती असते. त्यातील पाच जागा ठरलेल्या आहेत. पर्यावरण जतन करणारे मंडळ, ऐतिहासिक वास्तूंचे मंडळ, नियोजन मंडळ, उद्यानांचे मंडळ आणि गृहनिर्माण मंडळ, या प्रत्येकाचा एक सभासद असतो. उरलेल्या चार जागांपर्यंत गाव स्वतःच्या नियमाने माणसे घेते. यामुळे काय होते? एकाला शेत वाचवायचे असते, दुसऱ्याला जुनी वास्तू, तिसऱ्याला गरिबांचे घर. कोणा एकालाच सगळी थैली आपल्याकडे ओढता येत नाही.

शिवाय कायद्याने वाटणीही बांधून दिली आहे. वर्षाच्या उत्पन्नातील किमान दहा टक्के मोकळ्या जागेसाठी, दहा टक्के ऐतिहासिक वारशासाठी आणि दहा टक्के परवडणाऱ्या घरांसाठी खर्च केले पाहिजेत किंवा त्या त्या नावाने राखून ठेवले पाहिजेत. समितीच्या कामकाजाचा खर्च पाच टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. उरलेली रक्कम कायद्याने सांगितलेल्या कामांपैकी, मैदाने व बागाही त्यात आल्या, गावाला जे निकडीचे वाटेल त्यावर लावता येते. मात्र नेहमीच्या डागडुजीला हा पैसा वापरता येत नाही. तसेच जो खर्च गाव एरवी आपल्या अंदाजपत्रकातून करीतच होते, तो या निधीच्या माथी मारता येत नाही.

आता अशी समिती म्हणजे मोठी सत्ता असे कोणास वाटेल. पण खरी खुबी पुढे आहे. समितीला एक डॉलरही स्वतःच्या सहीने मंजूर करता येत नाही! समितीने अर्ज मागवायचे, जागेवर जाऊन पाहायचे, दरवर्षी जाहीर सुनावणी घेऊन गावाच्या गरजा ऐकायच्या आणि शिफारस करायची, एवढेच तिचे काम. मंजुरी देते ती ‘टाऊन मीटिंग’. ही तिकडची ग्रामसभाच होय. लहान गावांत प्रत्येक नोंदलेल्या मतदाराला त्या सभेत उठून बोलता येते आणि हात वर करून मत देता येते. विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते. सभा शिफारस मान्य करू शकते, रक्कम कमी करू शकते, शिफारस फेटाळूही शकते. परंतु समितीने सुचविलेल्यापेक्षा अधिक रक्कम सभेला देता येत नाही, आणि समितीने न सुचविलेल्या कामालाही पैसा देता येत नाही. म्हणजे समितीवाचून सभेचे चालत नाही आणि सभेवाचून समितीचे चालत नाही. कुलपाच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे.

समितीची बैठकही बंद दाराआड चालत नाही. सुट्टीचे दिवस सोडून किमान अठ्ठेचाळीस तास आधी बैठकीची सूचना लावावी लागते, इतिवृत्त लिहावे लागते, आणि ते कोणालाही मागून पाहता येते. पैसा मंजूर झाल्यावर बहुतेक गावांत संस्थेबरोबर करारपत्र होते, बिले पाहूनच हप्ते दिले जातात. या निधीतून जमीन घेतली तर ती पुढे दुसऱ्या कामाला लावता येऊ नये म्हणून कायमचे बंधन दस्तात नोंदवावे लागते. दरवर्षी राज्याच्या महसूल खात्याला जमाखर्चाचा व कामांचा तपशील जातो.

एवढी व्यवस्था असूनही वाद झालाच. बोस्टनच्या वायव्येस ॲक्टन नावाचे गाव आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या दिवशी, १९ एप्रिल १७७५ रोजी, काँकर्डच्या पुलावर या गावच्या तुकडीचा नायक आयझॅक डेव्हिस धारातीर्थी पडला, म्हणून ते गाव इतिहासात प्रसिद्ध आहे. या गावातील एका जुन्या चर्चने जतन निधीतून मदत मागितली. जुन्या इमारतींच्या जतनाचा आराखडा करणे आणि रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त करणे, अशी कामे होती. एकूण मागणी एक लाखाहून अधिक डॉलरची होती. आपल्याकडे भाविक घटत आहेत, खर्च झेपत नाही, कामे कमी करावी लागली आहेत, असेही चर्चने अर्जात लिहिले होते. समितीने शिफारस केली, सभेने मंजुरी दिली. रीतसर सर्व झाले.

तरी गावातील काही करदाते न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, राज्याच्या घटनेप्रमाणे सार्वजनिक पैसा धर्मसंस्थेला देता येत नाही. हे कलम मूळ १८५५ चे, १९१७ मध्ये ते अधिक कडक केले गेले. ९ मार्च २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. न्यायालयाने चर्चला या निधीतून काहीच मिळू नये असे म्हटले नाही. प्रत्येक प्रकरणात तीन गोष्टी पाहाव्यात असे सांगितले. पैसा देण्यामागील हेतू काय, त्यामुळे धर्मसंस्थेला मोठी मदत होते काय, आणि जे धोके टाळण्यासाठी हे कलम आले, ते धोके उभे राहतात काय. खिडक्यांवर येशू ख्रिस्त आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेली स्त्री असे चित्र होते. हे तर उपासनेचेच अंग झाले, म्हणून खिडक्यांसाठीचा पैसा थांबवावा असे ठरले. आराखड्याच्या खर्चाबाबत अधिक पुरावा पाहण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले.

येथे कोण चुकले? चर्चने काही लपविले नव्हते. समितीने पैसा खाल्ला नव्हता. तक्रार करणारेही गावचेच, कर भरणारे. तरीही शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली. याचे कारण असे की कराचा पैसा सर्वांचा असतो. भाविकाचाही असतो आणि देव न मानणाऱ्याचाही असतो. आपल्या राज्यघटनेच्या २७ व्या अनुच्छेदातही, ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेले आहे, असा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे म्हटले आहे. दोन्ही तरतुदी एकच नव्हेत, पण त्यांच्यामागील काळजी सारखी आहे.

देवळाच्या जीर्णोद्धाराचा पैसा वेगळा. तो कोणावर बसविलेला नसतो, श्रद्धेने दिलेला असतो. म्हणून त्याला हिशेब नको, असे कोणी म्हणेल तर ते चुकीचे ठरेल. उलट कर बुडविणाऱ्याला नोटीस जाते, पण श्रद्धेने दिलेली देणगी बंद झाली तर त्याची नोटीस कोणालाही काढता येत नाही. एकदा मनात किंतु आला की माणूस गप्प बसतो, आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो.

नोंदलेल्या देवस्थानासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आहेच. त्याप्रमाणे हिशेब ठेवावे लागतात, त्यांची तपासणी करून घ्यावी लागते, आणि देवस्थानची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. परंतु कायदा हा कमीत कमी काय करावे तेवढे सांगतो. चांगले गाव त्याच्यापुढे जाते. देणगी पाच रुपयांची असो वा पाच हजारांची, पावती दिली जावी. ज्या कामासाठी पैसा दिला तो त्याच नावाखाली जमा व्हावा. अन्नदानाचा पैसा फरशीला आणि फरशीचा पैसा मांडवाला असे होऊ नये. श्रमदान आणि वस्तुरूपाने आलेली मदतही वहीत नोंदवावी, कारण तीही देणगीच आहे. शिल्लक बँकेत असावी. समितीत आळीआळीचे लोक असावेत, त्यात भगिनीही असाव्यात. आणि वर्षातून एकदा सर्व ग्रामस्थांसमोर जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याला शंका असेल त्याने तेथेच विचारावी, पारावर बसून कुजबुज करू नये. विचारणाऱ्याला कोणी विरोधक समजू नये. त्याच्यामुळे समितीची इभ्रत वाढतेच.

ॲक्टनच्या लोकांनी भर सभेत हात वर करून निर्णय घेतला, पटले नाही त्यांनी न्याय मागितला, निकाल लागला. भांडण झाले तरी ते कागदावर आणि चारचौघांत झाले, म्हणून ते मिटण्याचा मार्गही होता. जेथे कागदच नसतो तेथे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालते, हे कोणत्याही जुन्या गावाला सांगावे लागत नाही.

आज कळस चढला आहे. आता त्याखालची वही स्वच्छ ठेवण्याचे काम समितीने करावे, आणि ती उघडून पाहण्याचे काम ग्रामस्थांनी करावे. देवाच्या दारात दोघांचीही ती सेवाच आहे.