असईचा उतार
(पहूर येथील सभेत केलेले भाषण)



आम्ही चार यत्ता शिकलेली गिरणीतली माणसं. इतिहास सांगायला उभे राहिलो म्हणून हसू नका. हा पहूरचा रस्ता पुढं फर्दापूरवरून अजिंठ्याचा घाट चढतो. सन १८०३ च्या ऑगस्टात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात शिरली. महिन्याभरात ती मोडून त्याच घाटानं खाली आली. मधे काय झालं ते आपल्या कामाचं आहे.

फौज नामी होती. कवायती पलटणी, शंभराच्या आसपास तोफा, घोडदळ तर हजारोंनी. समोर वेलस्लीकडे कवायती माणूस साडेचार हजारांच्या घरात. त्यातून त्याची दुसरी तुकडी, स्टीव्हनसनची, वेगळ्या वाटेनं येत होती, ती अजून पोचलीही नव्हती.

मग हरलो कसे? लोक म्हणतात, फितुरी. होतीच. इंग्रजांनी जाहीरनामा काढला आणि शिंद्यांच्या चाकरीतले कित्येक गोरे अंमलदार निघून गेले. पण ज्यांच्या भाईबंदांशी लढायचं त्यांच्याच हाती पलटणी दिल्या कुणी? शिपायानं तर नव्हे!

२३ सप्टेंबरला फौज असईजवळ केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभी होती. रणाची सूत्रं पोलमन नावाच्या माणसाकडे. हा पूर्वी कंपनी सरकारचाच सार्जंट! समोर नदी आहे म्हणजे भिंतच आहे, असं त्यानं धरलं. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. पण त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. गावं समोरासमोर म्हणजे माणसांची ये-जा असणार, उतारही असणार, एवढंच त्याचं शहाणपण. आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्यानं हे सांगितलं असतं. त्या उतारावर पहारा नव्हता. शत्रू पाण्यातून पार झाला.

पुढं शिपायांनी शर्थ केली. तोंड फिरवून नवी फळी धरली. तोफा ओलांडून शत्रू पुढं गेला तेव्हा मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा त्यांनी पाठीमागून डागल्या. इंग्रजांकडचे दीड हजारांवर मेले नि जखमी झाले. पण आपलं अफाट घोडदळ बघत राहिलं, दोन्ही सरदार मैदान सोडून गेले. नव्वदावर तोफा गेल्या.

आणि यशवंतराव होळकर? ते दूरच राहिले. आदल्या वर्षी याच शिंद्यांच्या फौजेशी हडपसरला त्यांची लढाई झाली होती. १८०४ त तेही इंग्रजांशी लढले, पण एकटे.

आता आमची गोष्ट. एका संपात आम्ही पुढच्या फाटकावर शेकडो माणसं उभी केली. झेंडे, घोषणा, सगळं. मागं नाला होता. नाल्यातून कोण येतंय, असं आम्हीच कमिटीत म्हणालो. वाइंडिंग खात्यातला एक पोरगा म्हणाला, तिथं दहा माणसं तरी ठेवा. त्याला आम्ही गप्प बसवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे आत साचे सुरू झाल्याचा आवाज आला. माणसं नाल्यातून आत नेली होती.

संप मोडला. सभेत आम्ही ओरडून सांगितलं, फुटिरांनी दगा दिला. नाल्याचं नाव काढलं नाही. त्या पोराची नोकरी गेली, आम्ही कमिटीवर राहिलो. त्याची माफी अजून मागितली नव्हती, ती इथं मागतो.