आपल्या पायाखालचा दगड



राजुरा, कोरपना या तालुक्यांत चुनखडकाच्या खाणी आपण पाहिल्या आहेत. अहेरी तालुक्यात देवलमरीकडेही हा खडक आहे. गडचांदूर व आवारपूरचे सिमेंट कारखाने याच दगडावर चालतात.

विद्यार्थ्यांनो, या दगडाची थोडी पूड पेल्यात घेऊन तीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे उठतील. शाळेत गुरुजींच्या देखरेखीखाली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकाल, तर दगड चांगलाच फसफसेल. त्यातील कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होऊन कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. डोलोमाइटचा खडा मात्र थंड, सौम्य आम्लात फार मंद फसफसतो.

आता गणित करा. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून ४४ ग्रॅम वायू निघतो. एखाद्या दगडाच्या १० ग्रॅम पुडीतून ३.३ ग्रॅम निघाला, आणि त्यात दुसरे कार्बोनेट नसेल, तर त्या दगडात कॅल्शियम कार्बोनेट ७५ टक्के आहे. दगड सिमेंटच्या कामाचा आहे की नाही, हे ठरवताना असाच हिशेब लागतो.

पालकहो, दगड फोडणारे हात आपल्या भागात पुष्कळ आहेत. तो तपासणारी मुले-मुलीही आपल्याच घरांतून निघावीत. मुलीला आवड असेल तर दहावीनंतर विज्ञान शाखेत जाऊ द्या. आणि शाळेत याल तेव्हा गुणांबरोबर हेही विचारा, की यंदा आमच्या मुलांनी किती प्रयोग स्वतःच्या हातांनी केले?