पाखराचे ‘नको’



पोपटासाठी आपल्या भाषेत शब्दांची कमतरता नाही. राघू आहे, मिठू आहे, शुक आणि कीर आहेत. अर्थ न समजता घोकणाऱ्याच्या बोलण्याला आपण ‘पोपटपंची’ म्हणतो. पण हे सारे शब्द त्याच्या रूपाचे नाहीतर त्याच्या बोलण्याचे. पोपट घाबरतो, याची दखल आपल्या वाक्प्रचारांनी फारशी घेतलेली नाही. आज मी बोलणार आहे तो घाबरलेल्या पोपटाबद्दल. माणसाच्या घरात राहणाऱ्या आणि माणसालाच भिणाऱ्या पाखराचा विश्वास कसा मिळवावा, हा आजचा विषय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या हिंगोलीकडे ज्वारी हुरड्यात आली की हिरव्या पोपटांचे थवे उतरतात आणि शेतकरी गोफण घेऊन उभा राहतो. तो हिरवा पोपट पकडणे, विकणे किंवा घरी पिंजऱ्यात पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. झाडाच्या ढोलीतून काढलेले पिल्लू कोणी विकायला आणले तर घेऊ नये. घेणारा आहे म्हणून काढणारा आहे. कोणाच्या घरी असा पोपट आधीपासून असेल, तर दार उघडून त्याला हाकलू नये. त्याला रान माहीत नसते. वन विभागाला कळवावे. विभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

दुकानात जे उघडपणे विकले जातात ते पोपट निराळे. ज्यांना आपण सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतो ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, आणि ज्याला ‘कॉकटेल’ म्हणतात तो तुऱ्याचा पक्षी म्हणजे कॉकेटिल. दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावरचे. बजरीगर १८४०मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने जिवंत इंग्लंडात नेला आणि तिथून तो जगभरच्या पिंजऱ्यांत गेला. ऑस्ट्रेलियाने १९६०मध्ये आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. म्हणजे आपल्याकडचे हे पक्षी कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. पुण्य म्हणून त्यांना सोडून दिले तर दोन दिवसांत कावळे किंवा मांजर त्यांचा निकाल लावतात. सोडता येत नाही आणि जवळ येत नाही, असे हे पाखरू. त्याची भीती घालवणे ही हौसेची बाब राहत नाही, ते आपल्यावरचे देणे होते.

आमच्या घरी असाच एक कॉकेटिल आला. ओळखीच्या एका कुटुंबाची बदली झाली, नव्या गावी पक्षी नेणे जमेना. पिंजऱ्यासकट तो आमच्या ओसरीवर आला. अंग राखी, डोके पिवळे, गालांवर शेंदरी ठिपके. नाव आधीपासूनच ‘राजा’. पण कोणी चार हातांवर आले तरी हा राजा कोपऱ्याला चिकटून थरथर कापायचा. पिसे अंगाशी घट्ट आवळलेली, तुरा सरळ उभा, चोच उघडी, आणि सापासारखा फूत्कार. लोक म्हणत, रागीट आहे. तो राग नव्हता. ज्याला पळायला जागा नाही त्याची ती भीती होती.

माझा नऊ वर्षांचा नातू त्याच्या आधीच प्रेमात पडला होता. आमच्या घरात दखनी बोलली जाते. त्याने विचारले, “नाना, ये मेरेकू क्यों डरता?” आणि तो पिंजऱ्यात हात घालणार, तोच त्याची नानी म्हणाली, “नक्को छेड उसकू.”

हा ‘नक्को’ दखनीने मराठीकडून घेतला आहे. उत्तरेकडच्या उर्दूत ‘मत’ आहे, ‘नहीं’ आहे. ‘नको’ मात्र आपल्या मातीचा. माझ्या दोन्ही भाषांत सारखाच चालणारा हा शब्द. पुढचे सहा महिने त्या पाखराने आम्हाला त्याचाच अर्थ शिकवला.

पोपट आपल्याला का भितो, हे आधी समजून घेऊ. कुत्रा आणि मांजर शिकारी प्राणी आहेत. पोपट शिकार होणारा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणजे चहूकडचा धोका दिसावा. थव्यात असताना शंभर डोळे राखण करतात. एकट्याला ती राखण स्वतःच चोवीस तास करावी लागते. वरून येणारा हात त्याच्या लेखी शिकऱ्याची झडप असते. समोरून रोखून पाहणारे दोन डोळे म्हणजे दबा धरून बसलेले मांजर. आपण लाडाने वाकतो, टक लावून पाहतो, हात पुढे करतो. शिकारीही नेमके हेच करतो.

म्हणून पिंजरा आधी भिंतीला एका बाजूने टेकवून, छातीच्या उंचीवर ठेवावा. जमिनीवर नको, येण्याजाण्याच्या वाटेत नको, आणि स्वयंपाकघरात तर नकोच. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात. मग रोज ठरल्या वेळी जवळ बसावे, पण त्याच्याकडे पाहत नाही, आपले काम करत. मी वर्तमानपत्र वाचत असे, हळू आवाजात, मोठ्याने. राजाने शेतमालाचे बाजारभाव जितके ऐकले तितके आमच्या घरात कोणी ऐकले नसतील. खोलीत शिरताना दरवेळी एकच शब्द उच्चारावा, म्हणजे कोण येतो आहे ते त्याला आधी कळते.

पहिले बारा दिवस आमच्यापैकी कोणी समोर असताना त्याने दाणा टिपला नाही. तेराव्या दिवशी मी बसलो असताना तो खाली उतरला आणि चार दाणे खाल्ले. समोर बसून खाणे ही पहिली पायरी असते. खाताना मान खाली जाते, आणि जिथे धोका वाटतो तिथे कोणी मान खाली घालत नाही.

याच सुमारास सल्ले येऊ लागले. एकाने सांगितले, पंख छाटा. दुसरा म्हणाला, दोन दिवस टॉवेलमध्ये धरून ठेवा, आपोआप सवय होईल. तिसरा म्हणाला, उपाशी ठेवा, भूक सगळे शिकवते. या तिन्ही उपायांत पाखरू लवकर गप्प होते, हे खरे. पण गप्प होणे वेगळे आणि निर्धास्त होणे वेगळे. धडपडून काही होत नाही हे कळले की प्राणी धडपड सोडतो; त्याला माणसाळणे म्हणत नाहीत. आणि एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवणे तर जिवावरच बेतू शकते.

आमच्या जिल्ह्यात नरसी हे नामदेवांचे गाव आहे. कीर्तन लहानपणापासून कानावर पडत आले. त्यात नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त हमखास येतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही तो आहे. पारधी दोरीत एक पोकळ नळी ओवून ठेवतो. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते, पोपट उलटा लटकतो आणि पडण्याच्या भीतीने नळी आणखीनच घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते. सोडले तर तो उडू शकतो, पण भीती त्याला सोडू देत नाही. संतांनी हा दृष्टान्त माणसाच्या भ्रमासाठी वापरला. राजाकडे पाहताना मला त्यातला पोपट दिसू लागला. ‘सोड, घाबरू नकोस’ असे भ्यालेल्याला सांगून काही होत नाही. आपल्या वागण्याचा रोजचा अनुभवच हळूहळू त्याची पकड सैल करतो.

तो अनुभव कसा द्यायचा? राळ्याचे कणीस घ्यावे. या पक्ष्यांना राळे फार आवडतात. कणीस गजांजवळ न्यावे आणि पाखराची पिसे आवळली जाताच तिथेच थांबावे. त्याने ‘नको’ म्हटले आहे. आता एक पाऊल मागे घ्यावे. हे मागे जाणे हाच सगळ्यात मोठा खाऊ असतो. तो फूत्कारण्याआधी, फडफडण्याआधी आपण मागे हटलो की त्याला कळते, आपले म्हणणे इथे ऐकले जाते, ओरडण्याची गरज नाही. मग दुसऱ्या दिवशी तोच आपल्याला बोटभर जास्त जवळ येऊ देतो. नातवाने हा खेळच केला. राजाचा तुरा पाहून तो सांगायचा, “नाना, अब नको बोल रहा.” मोठ्या माणसांपेक्षा पोरे ही भाषा लवकर शिकतात. दुसऱ्या महिन्यात गजांतून, मग उघड्या दारातून, राजा नातवाच्या हातचे कणीस खाऊ लागला.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या विदुषीने १९७७मध्ये अॅलेक्स नावाचा राखी पोपट आणला आणि २००७मध्ये तो मरेपर्यंत त्याच्यासोबत काम केले. तो रंग, आकार आणि लहान संख्या ओळखून नावे सांगत असे, म्हणून जगभर गाजला. मला त्यातले वेगळेच महत्त्वाचे वाटते. नको असलेली वस्तू पुढे केली की तो नकाराचा शब्द वापरी, आणि काम करून कंटाळला की परत जायचे आहे असे सांगे. पोपटपंचीच्या पलीकडचे बोलणे ते हेच.

मग उन्हाळ्यातली एक रात्र आली. वीज गेली. कॉकेटिल अचानक अंधार झाला की दचकतो आणि पिंजऱ्यात वेडावाकडा आपटतो. ही या जातीची खोडच आहे. बॅटरी घेऊन धावलो तर शेपटीचे एक कोवळे पीस तुटले होते आणि रक्त थांबत नव्हते. वाढत्या पिसात रक्त असते, आणि एवढ्या लहान अंगातून थोडेसे रक्त जाणेही धोक्याचे. आता ‘नको’ ऐकत बसायला वेळ नव्हता. माझ्या मुलाने त्याला मऊ पंचात धरले, नानीने स्वच्छ कापड दाबून धरले. नातवाला मात्र आम्ही दूर ठेवले. धरणारा हात त्याचा नसावा म्हणून. रक्त थांबले. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले.

पुढे चार दिवस राजा पुन्हा कोपऱ्यात. नातू रडवेला झाला, सहा महिने वाया गेले म्हणाला. पण आम्ही पुन्हा वर्तमानपत्रापासून सुरुवात केली. पहिल्या खेपेला दोन महिने लागले होते, या खेपेला नऊ दिवस. दहाव्या दिवशी उघड्या दारातून तो चालत आला आणि आपणहून नातवाच्या मनगटावर चढला. मग मान खाली घालून मानेची पिसे फुलवली, म्हणजे खाजव. विश्वास एका रात्रीत तुटत नाही, आधीची शिल्लक असली तर. पिंजऱ्याजवळ आता बॅटरीवर चालणारा छोटा दिवा रात्रभर असतो. संध्याकाळी राजा एका पायावर उभा राहून चोच हलकेच घासतो. झोप आली आणि सगळे ठीक आहे, असा त्या आवाजाचा अर्थ.

मौलाना रूमींच्या मसनवीत एका व्यापाऱ्याच्या पोपटाची गोष्ट आहे. व्यापाऱ्याचा त्याच्यावर फार जीव. हिंदुस्थानात निघताना त्याने विचारले, तुला काय आणू? पोपट म्हणाला, तिथल्या पोपटांना माझी हालत सांग. निरोप ऐकताच तिथला एक पोपट थरथरून खाली पडला. परतल्यावर व्यापाऱ्याने ते सांगितले, तर त्याचाही पोपट पडला. मेला समजून त्याने बाहेर टाकला, आणि पोपट उडून फांदीवर बसला. या गोष्टीचा आध्यात्मिक अर्थ मोठा आहे. मला त्यातली साधी गोष्ट डाचते. व्यापाऱ्याचे प्रेम खोटे नव्हते, पण त्या घरात ‘नको’ म्हणायला पोपटाला मरून दाखवावे लागले.

तुमच्या घरात असे पाखरू असेल तर त्याला शब्द शिकवण्याची घाई करू नका. आधी त्याचा एक शब्द आपण शिकू या. जे पाखरू ‘नको’ म्हणू शकते आणि ज्याचे ‘नको’ ऐकले जाते, तेच एक दिवस आपणहून ‘हो’ म्हणते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)